बर्नार्ड हॉपकिन्सची निरोपाची लढत

व्यावसायिक मुष्टियुद्धात नामवंत विजेत्याची निरोपाची लढत बहुधा त्याच्या सोयीने ठरवली जाते. ज्याच्या ठोशात फारसा जोर नाही असा प्रतिस्पर्धी शोधला जातो, जेणेकरून प्रेक्षकांना आपला लाडका खेळाडू हात उंचावून रिंगमधून उतरताना पाहता यावा. कॅलिफोर्नियातील इंगलवूड येथील ‘द फोरम’ या क्रीडागृहात १७ डिसेंबर २०१६ रोजी बर्नार्ड हॉपकिन्स जी अखेरची लढत खेळला, ती या रीतीला सोडून होती. हॉपकिन्स तेव्हा ५१ वर्षांचा होता, तर त्याच्यासमोर उभा असलेला जो स्मिथ ज्युनियर २७ वर्षांचा होता आणि त्याच्या आधीच्या २२ विजयांपैकी १८ विजय प्रतिस्पर्ध्याला पूर्ण लढत खेळूच न देता मिळालेले होते. हॉपकिन्स १९८८ मध्ये पहिली व्यावसायिक लढत खेळला, त्या वेळी स्मिथचा जन्मही झालेला नव्हता.

फिलाडेल्फियात वाढलेल्या हॉपकिन्सने ऐन तारुण्यातील सुमारे पाच वर्षे लुटमारीच्या गुन्ह्यांसाठी पेनसिल्व्हेनियातील ग्रेटरफर्ड तुरुंगात काढली, सुटकेनंतरची पहिली व्यावसायिक लढत तो हरला, आणि तरीही १९९५ मध्ये त्याने मिडलवेट, म्हणजे १६० पौंडांपर्यंतच्या (सुमारे ७२.६ किलो) वजनगटाचे विजेतेपद मिळवले. या खेळात जगभरासाठी एकच नियामक संस्था नसून चार प्रमुख संघटना आपापले विजेतेपदाचे पट्टे देतात, त्यामुळे एकाच गटात एका वेळी चार विजेते असू शकतात. २००१ मध्ये फेलिक्स त्रिनिदादला आणि २००४ मध्ये ऑस्कर दे ला होयाला नमवून हॉपकिन्सने मिडलवेटचे हे चारही पट्टे एकत्र आणले, आणि या गटातील विजेतेपद त्याने २० वेळा राखले. पुढे १७५ पौंडांच्या लाइट हेवीवेट गटात जाऊन २०११ मध्ये मॉन्ट्रियल येथे जाँ पास्कलला हरवताना त्याचे वय ४६ होते. सर्वाधिक वयाच्या विश्वविजेत्याचा जॉर्ज फोरमनचा विक्रम त्या दिवशी मोडला, आणि नंतर ४८ व ४९ व्या वर्षी हॉपकिन्सने स्वतःचाच विक्रम मागे टाकला.

हे कसे शक्य झाले, हा या कारकिर्दीतील सर्वांत उद्बोधक भाग आहे. समोरून येणारा ठोसा डोळ्यांना दिसणे आणि शरीराने त्याला प्रतिसाद देणे यांमधला अवधी वयाबरोबर वाढत जातो, पाय जड होतात आणि एका फेरीचा थकवा पुढच्या फेरीपर्यंत उतरत नाही. हॉपकिन्सने यावर शोधलेला उपाय असा, की चपळाईची गरजच कमीत कमी भासावी: तो मोजकेच ठोसे मारी, प्रतिस्पर्ध्याला हवे ते अंतर कधी मिळू देत नसे, आणि धोका दिसताच ‘क्लिंच’ करी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मिठीत जखडून त्याचे हात निकामी करी. मद्यापासून दूर राहणे, आहार काटेकोर ठेवणे आणि लढत नसतानाही वजन वाढू न देणे ही शिस्त त्याने अनेक दशके पाळली. मात्र अंतर राखण्याची ही विद्या शेवटी पावलांवरच उभी असते. ठोशातला जोर त्या मानाने उशिरा ओसरतो, म्हणूनच १९९४ मध्ये ४५ वर्षांचा फोरमन गुणांवर मागे असूनही मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने आडवा करू शकला. हॉपकिन्सकडे तशी हुकमी ताकद शिल्लक नव्हती.

स्मिथ न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा बांधकाम मजूर होता आणि मुष्टियुद्धाबरोबर ते कामही करत होता. जून २०१६ मध्ये शिकागोत आंद्झेय फोनफारा या वरचढ मानल्या गेलेल्या खेळाडूला त्याने पहिल्याच फेरीत गारद केले, तेव्हा कुठे त्याचे नाव चर्चेत आले. त्याच्या खेळात नजाकत कमी असली तरी मार खाऊनही पुढे येत राहण्याची तयारी होती, आणि दोन वर्षे रिंगपासून दूर राहिलेल्या हॉपकिन्ससाठी हीच तयारी सर्वाधिक घातक होती.

आठव्या फेरीत स्मिथने हॉपकिन्सला दोरांपाशी गाठून ठोशांची सरबत्ती केली आणि हॉपकिन्स दोरांमधून रिंगच्या बाहेर कोसळला. रिंगमध्ये पडलेल्या खेळाडूला उठण्यासाठी दहा अंक मोजले जातात, तर ठोशामुळे बाहेर पडलेल्याला कुणाच्याही मदतीविना परतण्यासाठी २० सेकंद मिळतात. त्या मुदतीत हॉपकिन्स परतू शकला नाही आणि रेफरी जॅक रीस यांनी स्मिथला विजयी घोषित केले. सबंध कारकिर्दीत पूर्ण फेऱ्या संपण्याआधीच हॉपकिन्स हरण्याची ही पहिलीच वेळ होती.

आपल्याला ढकलण्यात आले, असे हॉपकिन्सने नंतर सांगितले. धक्क्याने पडल्याचे मान्य झाले असते तर तो नियमभंग ठरला असता, त्यामुळे हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. परंतु कोसळण्यापूर्वी ठोसे डोक्यावर बसल्याचे चित्रफितीत स्पष्ट दिसते, आणि निकाल न्याय्यच होता. ज्याला एरवी कोंडीत पकडणे अवघड जाई तो दोरांपाशी सापडला, येथेच लढतीचा निर्णय झाला होता. पन्नाशी उलटलेल्या माणसाला वैद्यकीय तपासण्यांच्या आधारे परवाना देणे नियमात बसत असले, तरी डोक्यावर असा मार खाऊन तो रिंगबाहेर पडताना पाहिल्यावर त्या नियमांविषयी अस्वस्थता वाटल्याशिवाय राहत नाही. मात्र सोपा विजय पदरात पाडून घेण्याऐवजी त्याने खरा प्रतिस्पर्धी पत्करला, याचे मोल त्या पराभवामुळे कमी होत नाही.

हॉपकिन्स पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही आणि आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरवदालनाच्या २०२० च्या यादीत त्याची निवड झाली. स्मिथला मात्र जुलै २०१७ मध्ये सुलिव्हन बॅरेरा या तंत्रकुशल क्यूबन खेळाडूने गुणांवर हरवले आणि त्या लढतीत त्याचा जबडा मोडला. २०१९ मध्ये दिमित्री बिवोलविरुद्धची विजेतेपदाची लढतही तो गमावून बसला. अखेर एप्रिल २०२१ मध्ये मॅक्सिम व्लासोवला हरवून त्याने लाइट हेवीवेट गटातील एक पट्टा जिंकला, आणि ठोशाच्या जोरासाठी ओळखल्या जाणाऱ्या या खेळाडूला तो पूर्ण बारा फेऱ्या खेळून गुणांवर मिळवावा लागला.