आजीचं आई बघते, आईचं कोण?

मुलांनो, आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी तुम्हांला माहीतच आहे. संत नामदेवांचं गाव! त्यांचा जन्म १२७० चा आणि समाधी १३५० ची, असं मानतात. म्हणजे ऐंशी वर्षांचं आयुष्य. आणि उतारवयात ते होते कुठं? तर थेट पंजाबात, घुमानला! त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत.

आपण मात्र आजोबांना म्हणतो, "तुम्ही बसा हो निवांत!" बसून बसून पाय आखडतात, तोल जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पासष्टीपुढच्या माणसांनीही जमेल तसं आठवड्याला किमान १५० मिनिटं चालावं, शिवाय तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. तूर निवडणं, शेंगा फोडणं हेही आजीला करू द्या की! आणि हो, म्हातारपणी तहान कमी जाणवते. उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या आपणहून पुढं करायचा.

पण आजी अंथरुणालाच खिळली असेल तर? तिला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा! हे कोण करतं? बहुतेक घरांत आईच. दिवसा शेत, संध्याकाळी चूल, रात्री जागरण. मग ती तुमच्यावर चिडते, आजीवरही चिडते आणि मागाहून एकटीच रडते. झोपच झालेली नसते हो तिची! बाबांनी एक रात्र आड जागायला काय हरकत आहे? पालकहो, हे तुमच्यासाठी.

शाळेतून आल्यावर तासभर आजीजवळ तुम्ही बसा. पेपर वाचून दाखवा, तिच्या लहानपणीचं विचारा. वळवण्याचं, उचलण्याचं काम मात्र मोठ्यांचं. आईवडील ऊसतोडीला गेले, की काही घरांत सगळंच पोरांवर येतं. तेव्हा शेजारच्या काकूंना, गावातल्या आशाताईंना बिनधास्त सांगा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोनही आहे.

आजोबा हिंडते-फिरते असतील, तर सुटीत त्यांना औंढा नागनाथला न्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे. तिकीट काढावं लागेल ते तुमचंच, अर्धं! आणि तेवढा दिवस आईला दुपारी दार लोटून झोपू द्या.