बटण बंद, वीज चालू

गेल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी अभ्यंगस्नानाचा पहिला मान सासूबाईंचा होता. उटणं, तेल, कढत पाणी, सगळं तयार होतं आणि नेमका बाथरूममधला दिवा लुकलुकून विझला. सहा महिन्यांतला तो तिसरा बल्ब. मी बटण बंद केलं, ओल्या फरशीवर स्टूल ठेवलं, नवा बल्ब बसवला आणि सण पुढे सुरू झाला.

भाऊबीज झाल्यावर वायरमन आले. त्यांनी बल्ब काढला, बटण बंदच ठेवलं आणि होल्डरच्या पिनेला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला! आमच्या घरात बटण फेजच्या वायरवर नव्हतं, न्यूट्रलच्या वायरवर होतं. बटण बंद केलं की दिवा विझायचा, पण 230 व्होल्टची वीज होल्डरपर्यंत आलेलीच असायची. त्याच होल्डरला मी ओल्या पायांनी हात घातला होता.

खूण आधीच मिळाली होती. ‘आई, बटण बंद असलं तरी बल्ब मिणमिणतो,’ असं मुलगी किती दिवस सांगत होती. एलईडीला उजळायला अगदी थोडा प्रवाह पुरतो. बटण न्यूट्रलवर असेल, तर तेवढा प्रवाह झिरपत राहतो आणि बल्ब अंधुक दिसतो. दर वेळी कारण हेच असतं असं नाही. बटणातला छोटा इंडिकेटर किंवा शेजारून लांबवर गेलेली चालू वायरही असं मिणमिणणं घडवते. पण बाथरूममध्ये ते दिसलं तर तपासून घ्यावंच.

म्हणून पहिला नियम: दिव्याला हात लावण्याआधी बटणावर भिस्त ठेवू नका, त्या भागाचा एमसीबी खाली पाडा. कोणता एमसीबी कशाचा, हे माहीत नसेल तर मेन स्विचच बंद करा. फरशी कोरडी हवी, हात कोरडे हवेत, पायांत रबरी चप्पल हवी.

बल्बपासून मागे मागे

आता दोष शोधायचा तो बल्बपासून सुरुवात करून मागे जात. बंद पडलेला बल्ब आधी दुसऱ्या खोलीत लावून पाहा. तिथे लागला, तर बल्ब निर्दोष आहे. तिथेही लागला नाही आणि बल्ब वरचेवर जात असतील, तर त्यांना काय मारतंय ते शोधायला हवं. बंद काचेच्या डोममध्ये उष्णता कोंडते आणि एलईडीच्या आतलं ड्रायव्हर सर्किट, विशेषतः त्यातला कपॅसिटर, त्या उष्णतेने लवकर निकामी होतो.

मग होल्डर. बाथरूममधली वाफ रोज त्यात शिरते. पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, पिनांमागच्या स्प्रिंगा गंजून ढिल्या पडतात आणि बल्बशी टेकणं अर्धवट होतं. तिथे बारीक ठिणग्या उडतात, दिवा लुकलुकतो, बेकलाइट काळवंडतं. असा होल्डर घासूनपुसून वापरू नये, बदलावा. आमच्याकडे हेच झालं होतं. शिवाय एका वायरचा स्क्रू ढिला होता.

होल्डरही ठीक असेल, तर पुढची तपासणी वीज चालू ठेवून करावी लागते. ती वायरमनवरच सोपवावी. ते काय पाहतात, हे मात्र आपल्याला कळायला हवं. बटण चालू, बल्ब काढलेला: अशा वेळी एका पिनेवर टेस्टर पेटला पाहिजे, दुसरीवर नाही. एकीवरही पेटला नाही, तर फेज वाटेत अडला आहे. बटण किंवा वायर तपासायची. बल्ब बसवलेला असताना न्यूट्रलच्या टोकावरही टेस्टर पेटू लागला, तर न्यूट्रल कुठेतरी तुटली आहे. टेस्टर पेटला म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. शेजारच्या वायरच्या प्रभावानेही तो मंद पेटतो. म्हणूनच जाणते वायरमन टेस्ट लॅम्प लावून खात्री करतात.

आणखी एक जागा आपण विसरतो, ती म्हणजे डोक्यावरचा स्लॅब. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी पाझरलं की ते स्लॅबमधल्या पाइपातून वाट काढत थेट दिव्याच्या पॉइंटवर उतरतं. दिव्याभोवती पिवळट डाग दिसले किंवा डोममध्ये पाणी साचलेलं दिसलं, तर तो एमसीबी पाडूनच ठेवा. आधी गळती थांबवायची, मग वायरिंग.

जीव वाचवणारं बटण

एमसीबी आहे, मग भीती कसली, असं अनेकांना वाटतं. एमसीबी वाचवतो तो वायरला. दिव्यांच्या सर्किटवर तो बहुधा 6 अँपिअरचा, म्हणजे 6000 मिलीअँपिअरचा असतो. ओल्या अंगाचा विद्युत रोध साधारण 1000 ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 व्होल्टला अंगातून सुमारे 230 मिलीअँपिअर वाहतील. हृदयाची लय बिघडवायला ते पुरेसे आहेत आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. माणसासाठी असतो तो 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, हे तो सतत पाहतो. फरक पडला की निमिषार्धात पुरवठा तोडतो. एक मात्र लक्षात ठेवा: फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी हात लागला, तर हा फरक पडत नाही, आणि मग तोही वाचवू शकत नाही.

नवा दिवा घेताना खोक्यावर आयपी 44 किंवा आयपी 65 पाहून घ्या. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा: 4 म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण, 5 म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून. भिंतीवर, शॉवरजवळ दिवा असेल तर 65 घ्या.

आता आमचं बटण फेजवर आलं आहे, होल्डर नवा आहे आणि बोर्डात आरसीसीबी बसला आहे. त्यावरचं टेस्टचं बटण मी महिन्यातून एकदा दाबते. खटका खाली पडला की तो जागा आहे हे कळतं. या दिवाळीत ते वसुबारसेला दाबणार आहे, पहिल्या अभ्यंगस्नानाच्या आधी. तुम्हीही दाबा. आणि मूल म्हणालं, की बंद केलेला दिवा मिणमिणतोय, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.