पदवी, नोकरी की लीग : कॉलेजच्या गार्डने कधी निघावं?

पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बंगळूर ओलांडून थेट श्रीपेरुंबुदूरवरून चेन्नईत शिरतो. रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव. १९९१च्या मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली तीही इथेच. आज मात्र मोटारउद्योगातल्या मराठी माणसाला हे नाव कारखान्यांमुळे ठाऊक असतं. शेजारी इरुंगाट्टुकोट्टईला ह्युंदाईचा कारखाना, पुढे ओरगडमची औद्योगिक वसाहत आणि मध्ये रांगेने इंजिनिअरिंग कॉलेजं. पिंपरी-चाकणहून बदली होऊन आलेल्या घरातली मुलं याच कॉलेजांत जातात. गाव बदललं की खेळाचं वारंही बदलतं. महाराष्ट्रात संध्याकाळी क्रिकेटची बॅट हातात घेणारा मुलगा इथे बास्केटबॉलच्या कोर्टावर उभा राहतो, कारण तामिळनाडूत हा खेळ शाळेपासून मन लावून शिकवला जातो. एप्रिल २०२२ मध्ये चेन्नईत झालेल्या ७१व्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांचं विजेतेपद तामिळनाडूनेच मिळवलं होतं.

समजा, अशाच घरातला मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उंची पाच फूट अकरा इंच, खेळतो गार्डच्या जागेवर, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचायचं काम त्याचं. विद्यापीठाच्या संघात आलाय. रेल्वेसारख्या एका खात्याच्या संघाचे प्रशिक्षक ट्रायलला बोलावताहेत, एका लीगचा माणूस फोन करतोय आणि घरी आई म्हणतेय, आधी डिग्री हातात येऊ दे. थांबायचं की निघायचं? याचं उत्तर भावनेवर सोडण्यासारखं नाही. त्यामागची यंत्रणा कशी चालते ते नीट कळलं, की निर्णय बराचसा आपोआप होतो.

सुरुवात गार्डपासूनच करू. सात फुटी खेळाडू जगात मोजके असतात, त्यामुळे त्यांच्या उंचीला लोक लवकर हेरतात आणि खेळ नंतर शिकवतात. सहा फुटांच्या आतबाहेरचे गार्ड मात्र प्रत्येक कॉलेजात चार-पाच सापडतात. त्यांची किंमत ठरते ती त्यांच्या निर्णयावरून. सहकारी येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभा राहतो, गार्ड त्याच्या खांद्याला घासून निघतो, आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात त्याला तीन गोष्टी दिसाव्या लागतात : आपला बचावपटू स्क्रीनच्या वरून येतोय की खालून, समोरचा उंच खेळाडू पुढे सरसावलाय की मागे हटलाय, आणि कोपऱ्यातल्या आपल्या शूटरला सोडून कोणी मदतीला धावलंय का. खालून आला तर तिथेच शॉट. उंच खेळाडू पुढे आला तर त्याच्या मागे मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याकडे उसळता पास. कोपरा सुटला तर चेंडू तिकडे. हे फळ्यावर दहा मिनिटांत समजतं, पण अंगात मुरायला शेकडो सामने लागतात. म्हणूनच गार्ड उशिरा पिकतो. एकोणिसाव्या वर्षी जो चेंडू फार वेळ हातात ठेवतो, तोच बाविसाव्या वर्षी संघ चालवायला लागतो.

अमेरिकेतली उदाहरणं हेच सांगतात. स्टीफन करी डेव्हिडसन कॉलेजात तीन वर्षं खेळून २००९ मध्ये एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या क्रमांकावर निवडला गेला. जेलन ब्रन्सनने व्हिलानोव्हाकडून तीन मोसमांत दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तरी २०१८ मध्ये त्याचं नाव थेट दुसऱ्या फेरीत, ३३वं आलं. फ्रेड व्हॅनव्लीट चार वर्षं विचिटा स्टेटमध्ये खेळला, २०१६ मध्ये त्याला कोणीच निवडलं नाही, आणि २०१९ मध्ये तो टोरोंटोच्या विजेत्या संघात होता. उलट बाजूही आहे : कायरी अर्विंग ड्यूककडून जेमतेम ११ सामने खेळला आणि २०११ मध्ये पहिला निवडला गेला. पण अशा खेळाडूने निघावं की थांबावं, हा प्रश्न कोणाला पडतच नाही. प्रश्न मधल्या शेकडोंचा असतो.

या मधल्यांसाठी तिकडचं गणित अलीकडे साफ पालटलंय. पूर्वी कॉलेजात थांबणं म्हणजे शिष्यवृत्तीवर भागवणं. जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि प्रसिद्धीवर पैसे कमावता येऊ लागले. २०२५-२६ पासून तर न्यायालयीन तडजोडीनुसार एखादं विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्यांना मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीतल्या तीस जणांच्या कराराची पहिली दोन वर्षं पक्की असतात, दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. त्यामुळे चाळिसाव्या क्रमांकाच्या आशेवर निघण्यापेक्षा आणखी एक वर्ष कॉलेजात काढणं अनेकांना फायद्याचं वाटू लागलं. मुदतीआधी ड्राफ्टसाठी नाव देणारे २०२१ मध्ये साडेतीनशेच्या आसपास होते, २०२५ मध्ये ते शंभराच्या जवळ आले. भारतातून तिकडे गेलेल्या मुलामुलींनी मात्र लक्षात ठेवावं की विद्यार्थी व्हिसावर कमाईला कडक मर्यादा असतात. वर्गातल्या अमेरिकन मित्राला जे सहज मिळतं, ते त्यांना मिळेलच असं नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये पोट भरण्याचा खात्रीचा मार्ग आजही खात्याच्या संघातून जातो : रेल्वे, बँका, ओएनजीसी, आयकर, पोलीस, सेनादलं. पुण्याची शिरीन लिमये गार्ड म्हणूनच मोठी झाली, भारताची कर्णधार झाली, आणि ती रेल्वेची खेळाडू. चेन्नईची अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेची, २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. लीग आपल्याकडे आल्या आणि गेल्या. यूबीए ही लीग २०१५ मध्ये सुरू झाली, तिच्यात पुण्याचा आणि मुंबईचाही संघ होता, आणि २०१७ नंतर ती बंद पडली. पुढे २०२२ मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या पाठबळावर आयएनबीएल आली, तिच्या सहा संघांत चेन्नई हीट होता. २०२५ च्या सुरुवातीला पंचवीस वर्षांखालच्यांसाठी आयएनबीएल प्रो झाली. या लीगमधून खेळ सुधारतो, परदेशी खेळाडूंबरोबर घासून निघता येतं. पण हा मामला काही आठवड्यांचा. उरलेले महिने काय करायचं, याचं उत्तर लीग देत नाही.

मग खात्यात शिरायचं कसं? केंद्र सरकारच्या गट क पदांवर गुणवान खेळाडूंना थेट घेण्याची सोय आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, तामिळनाडूत तीन टक्के. केंद्राच्या नियमांत पसंतीचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत वर भारताकडून खेळलेला, मग राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिनांत आलेला, आणि त्यानंतर विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिनांत आलेला. म्हणजे कॉलेजचा मोसम हा निव्वळ हौसेचा भाग नाही, नोकरीच्या शिडीवरची ती तिसरी पायरी आहे. तिचा पुरावा म्हणजे नमुना ३ चं प्रमाणपत्र. त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाची सही लागते. कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकाचं पत्र तिथे चालत नाही.

रेल्वेची पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण सगळ्यात जास्त खेळाडू तिथेच लागतात. एकूण गुण १००. त्यातले ४० मैदानावरच्या चाचणीचे : कौशल्य, तंदुरुस्ती आणि प्रशिक्षकाचं निरीक्षण. त्या चाळिसात किमान २५ मिळाले नाहीत तर गाडी तिथेच थांबते. ५० गुण कामगिरीचे, १० शिक्षणाचे. वयाची अट १८ ते २५, त्यात सवलत नाही. आणि कित्येक पालकांना शेवटपर्यंत माहीत नसणारी गोष्ट म्हणजे कामगिरी चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतलीच धरली जाते. बारावीत असताना मिळवलेलं पदक तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत शिळं होतं. पगाराची पातळी कामगिरीवर ठरते : सातव्या वेतन आयोगानुसार पातळी १ चं मूळ वेतन १८,००० रुपये, पातळी २ चं १९,९००, पातळी ५ चं २९,२००. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं पहिल्या तिनांतलं स्थान पातळी २-३ चं दार उघडतं. वरच्या पातळीला आंतरराष्ट्रीय कामगिरी लागते.

यावरून आपल्या श्रीपेरुंबुदूरच्या मुलाचा हिशोब मांडता येतो. त्याचं कॉलेज अण्णा विद्यापीठाशी संलग्न असेल, तर शेकडो कॉलेजांतून बारा जणांचा संघ निवडला जातो. तो संघ दक्षिण विभागात उतरतो, आणि प्रत्येक विभागातले चारच संघ अखिल भारतीय फेरीला जातात. दक्षिण विभागात कट्टनकुळत्तूरचं एसआरएम, पडूरचं हिंदुस्थान, मद्रास विद्यापीठ, शिवाय केरळ-कर्नाटकातली तगडी विद्यापीठं. पश्चिम विभागात खेळणाऱ्या आपल्या मुंबई-पुण्याच्या मुलांना या गर्दीची कल्पना नसते. अशा ठिकाणी संघाचा मुख्य गार्ड होऊन एक पूर्ण मोसम खेळणं, ही मुलाच्या हातातली सर्वांत मोठी कमाई आहे. शेवटच्या वर्षाचा गार्ड पदवी घेऊन बाहेर पडला की चेंडू याच्या हातात येणार. नेमक्या त्याच वर्षी निघून जाणं मला शहाणपणाचं वाटत नाही. शिवाय पूर्णवेळ नोकरी धरली की विद्यापीठाच्या संघातली जागा जाते. ते दार मागे उघडत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : तिसऱ्या वर्षाच्या गार्डने थांबावं. पण थांबणं म्हणजे वाट पाहत बसणं नव्हे. ट्रायलला जावं, कारण तिथे आपली जागा कळते. खात्यांच्या जाहिरातींत पुष्कळदा खेळाडूची जागाही लिहिलेली असते. त्यांना पिव्होट, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू हवाय आणि गार्ड तीन आहेत, असं असेल तर कितीही छान खेळा, नोकरी लागायची नाही. कोइंबतूरच्या नाचिमुथू गौंडर करंडकासारख्या स्पर्धेत खात्यांचे संघ बघावेत, कोणत्या संघाचा गार्ड तिशी ओलांडतोय ते हेरावं. लीगचं बोलावणं सुट्टीत आलं तर जावं, परीक्षा बुडवून नाही.

याला अपवाद एकच : कायम नोकरी, पातळी ठरलेली, आदेश लेखी, आणि त्या संघात खेळायला मिळण्याची खरी शक्यता. अशी संधी दर वर्षी येत नाही. ती आली तर घ्यावी, फक्त इंजिनिअरिंगची पदवी बाहेरून पूर्ण करता येत नाही हे ध्यानात ठेवावं. मात्र काही ठिकाणी कायम नोकरी न देता मानधनावर खेळाडू घेतात आणि ‘पुढे बघू’ म्हणतात. त्यासाठी शेवटचं वर्ष सोडू नये. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर मानधन थांबतं, आणि हातात ना पदवी, ना नोकरी. गार्डच्या खेळात दिशा बदलताना सगळा भार गुडघ्यावर येतो, तेव्हा ही भीती काल्पनिक नाही.

उलट चूकही मुलं करतात, तीही सांगायला हवी. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पंचविशीपर्यंत खेळता येतं, म्हणून खेळण्यासाठीच एम.ए.ला नाव घालून बसणारे आहेत. पंचविशीला विद्यापीठाचं दार बंद होतं आणि त्याच सुमारास रेल्वेचंही. चौथं वर्ष जरूर खेळावं, फार तर पदव्युत्तरचं एक. त्यापुढे थांबणं म्हणजे वय खर्च करणं.

‘नोकरी धरली की मोठी स्वप्नं संपली,’ असं मुलांना वाटतं. त्यांना गीतू ॲना जोस दाखवावी. दक्षिण रेल्वेत असतानाच ती ऑस्ट्रेलियातल्या रिंगवूड क्लबकडून खेळली, २०११ मध्ये अमेरिकेत डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमधल्या तीन संघांपुढे चाचणी देऊन आली. वाराणसीचा विशेष भृगुवंशी तर गार्डच. तो ओएनजीसीचा खेळाडू असतानाच २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड संघाने त्याला करारबद्ध केलं. दोघंही परदेशी गेली ती पायाखाली जमीन पक्की असताना. पंजाबच्या सतनाम सिंगची वाट निराळी. तो कॉलेजात न खेळताच २०१५ मध्ये ५२व्या क्रमांकावर डॅलसकडून निवडला गेला. तो मान आजवर दुसऱ्या कुठल्या भारतात जन्मलेल्या खेळाडूला मिळालेला नाही. पण एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही, आणि पुढे तो कुस्तीच्या व्यावसायिक रिंगणात गेला. त्याच्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याची उंची सात फूट दोन इंच होती, हे मात्र पाच फूट अकरा इंचाच्या गार्डने विसरू नये.

तुमच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर या मोसमाचं नमुना ३ चं प्रमाणपत्र सुट्टी लागण्याआधी सही-शिक्क्यासह हातात घ्या. मुलगा गावी गेल्यावर आणि क्रीडा विभागातला अधिकारी बदलल्यावर ते मिळवणं फार कठीण जातं.