खालून हवा, वरून वाट

नामपूरला रेल्वे नाही. अख्ख्या बागलाण तालुक्यालाच नाही. मुंबईला गाडीनं जायचं तर मोसम खोऱ्यातून मालेगावला उतरायचं, तिथून मनमाड गाठायचं आणि मग पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला मनमाड-इंदूर मार्ग मालेगावावरून जाणार आहे. म्हणजे गाडी आली तरी येणार शेजारच्या तालुक्यात. तरीही डब्यातल्या संडासावर बोलायचा हक्क आम्हा नामपूरकरांना आहे, असं मी समजतो. कारण तो प्रश्न मुळात हवेचा आहे, आणि खेळती हवा म्हणजे काय हे कांदेवाल्याला शिकवावं लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीच्या तोंडापर्यंत टिकवायचा, तर कांदाचाळीचा तळ जमिनीपासून उचलून घ्यावा लागतो. तळाला फटी, बाजूंना फटी, रुंदी बेताची. ढिगातली ऊब आणि ओल वर निघून जाते आणि तिच्या जागी खालून कोरडी हवा शिरते. यातली कुठलीही एक वाट बुजवली की दुसरी असून नसल्यासारखी. मग वास सुटतो, आणि तो सुटला की काय समजायचं ते चाळवाल्याला बरोबर समजतं. डब्यातल्या संडासाचं गणित याहून वेगळं नाही. हवा आत कुठून येणार आणि बाहेर कुठून जाणार, एवढंच बघायचं. आपण मात्र फिनेल ओततो.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा तिच्यात संडास नव्हते. १९०९ साली अहमदपूर स्टेशनवर शौचाला उतरून गाडी चुकलेल्या ओखिलचंद्र सेन यांचं तक्रारपत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती इथं पुन्हा सांगत नाही. इंजिनं चालवणाऱ्यांची आठवण मात्र फार कमी जणांना होते. भारतीय रेल्वेच्या इंजिनात शौचालय बसवायला २०१६ साल उजाडलं.

डब्यांत संडास आले ते थेट रुळांवर उघडणारे. भांड्याखाली आखूड नळ, त्याखाली धावती खडी. ही व्यवस्था किळसवाणी होती, रूळ आणि त्यांचे खिळे-पट्ट्या गंजवणारी होती. पण वासाच्या हिशोबानं पाहिलं तर डब्यापुरती बरी होती. घाण साठतच नव्हती. गाडी वेगात असली की नळातून वारा वर यायचा, हे ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको. छपरावर टॉर्पेडो व्हेंटिलेटर नावाच्या लोखंडी टोप्या असत. धावत्या गाडीच्या वाऱ्यानं टोपीच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि आतली हवा वर ओढली जाते. ना वीज, ना पंखा. दाराच्या तळाशी झडपा, खिडकीला धुरकट काचेच्या पट्ट्या, वर टोपी. चाळीचीच रचना!

उणीव एकच. गाडी थांबली की ओढ थांबते. परतीच्या प्रवासात घाट चढण्यासाठी मागे इंजिनं जोडायला गाडी कसाऱ्याला उभी राहते, तेव्हा दाराजवळच्या सीटवाल्याची परीक्षा असते. ‘गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये’ ही पाटी फलाटासाठी होती, पण ती पाळली गेली असती तर डब्यावरही उपकार झाले असते.

मग रुळांवरची घाण थांबवायचं ठरलं, आणि ते ठरायलाच हवं होतं. आधी एक तोडगा आला: गाडीनं तासाला ३० किलोमीटरचा वेग घेतल्यावरच उघडणारी टाकी. स्टेशन वाचलं, रूळ नाही. पुढे डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेनं जिवाणूंची टाकी दिली. जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेसला पहिली जैवशौचालयं लागली आणि दहाएक वर्षांत ती देशभरच्या डब्यांत पोचली. टाकीत कप्पे असतात. जिवाणू मैल्याचं पाणी आणि वायू करतात. पाणी क्लोरीनवरून जाऊन खाली पडतं, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातात.

हे तंत्र आपल्याला परकं नाही. देहूचे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी याच जातीच्या जिवाणूंवर चालणारा ‘मलप्रभा’ हा बायोगॅस संडास गावात रुजवला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या जिवाणूंना हवा चालत नाही. म्हणजे टाकीत हवा नको आणि खोलीत हवा हवीच. या दोघांमध्ये सीमेवर उभा असतो तो भांड्याखालच्या वाकड्या नळातला पाण्याचा सील. घरात तो हलत नाही. गाडीत प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक सांध्याला हिंदकळतो. शिवाय डब्यातलं पाणी संपलं की तो भरून निघत नाही. सील फुटला की टाकीतला वायू खोलीत येतो. मिथेनला वास नसतो. नाकात जातो तो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्याची खोड अशी की थोड्याच वेळात नाक त्याला सरावतं. आत बसलेल्याला काही वाटत नाही, दार उघडणाऱ्याचं नाक मात्र फाटतं.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात २०१६-१७ सालची सुमारे २५ हजार जैवशौचालयं तपासली. जवळपास दोन लाख त्रुटी आढळल्या. त्यात तुंबण्याच्या लाखावर होत्या आणि दुर्गंधीच्या सोळा हजारांच्या आसपास. हे आकडे वेगवेगळे मांडले गेले, पण माझ्या मते ते एकच दुखणं आहे. पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी, डायपर भांड्यात गेलं की नळ तुंबतो, आणि तुंबलेल्या भांड्याला वासापासून कुठलीच झडप वाचवत नाही. हा भाग आपल्या पदरात आहे, रेल्वेच्या नव्हे.

वातानुकूलित डब्यात खिडकी उघडत नाही, त्यामुळे सगळी मदार एक्झॉस्ट पंख्यावर. पंखा संडासातली हवा बाहेर फेकतो, आतला दाब कमी होतो आणि दाराच्या झडपांतून डब्यातली हवा आत शिरते. पंखा बंद पडला की प्रवाह थांबतो किंवा उलटतो. वंदे भारतमध्ये निर्वात शौचालयं आहेत. ती लिटरभर किंवा त्याहून कमी पाण्यात आणि पुष्कळ हवेत भांडं रिकामं करतात. ती हवा खोलीतलीच असल्यानं प्रत्येक फ्लशला थोडा वासही ओढला जातो.

नौकांवर हीच विद्या फार जुनी आहे. शिडाच्या मोठ्या जहाजांवर खलाशांचे संडास नाळेवर, म्हणजे अगदी पुढं असत. वारा मागून येणार, वास पुढं समुद्रात जाणार. अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांच्या मागच्या टोकाला पाण्यावर टांगलेला लाकडी खोका असे. आता सांडपाणी बिनशुद्धीकरण सोडायचं तर किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे आणि किमान ४ नॉट वेगात, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे रेल्वेच्या ३० किलोमीटरचा हा सागरी भाऊ! तोवर टाकीत साठवा.

इथं नौकावाले रेल्वेच्या उलट वागतात. ते टाकीत हवा घालतात. रुंद आणि आखूड हवानळ, जमल्यास दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे वारा आरपार जातो. हवा मिळाली की दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढतात आणि सल्फाइड फारसं होत नाही. तरी वास आला तर ते नळ तपासतात: गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळाभोवती गुंडाळायचं, गार झालं की हुंगायचं. फडक्याला वास लागला तर नळच मुरला आहे, बदला. काही छोट्या नौकांवर मूत्र वेगळं काढून मैला काथ्याच्या भुशात ठेवतात आणि संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा पंखा अहोरात्र फिरवत ठेवतात.

समुद्रात लाटही आत शिरते, त्यावर नौकारचनाकार ऑलिन स्टीफन्सच्या १९३० च्या ‘डोराड’ नौकेवरून नाव पडलेली पेटी आहे. भोंग्यातून हवा आणि पाणी दोन्ही पेटीत येतात, पाणी तळाच्या भोकांतून निघून जातं, हवा उंच नळीतून खाली उतरते. २००९-१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. दक्षिणेकडच्या समुद्रात दिवसचे दिवस झाकणं बंद ठेवावी लागतात. तेव्हा खाली हवा पोचवणं ही चैन नसते.

रेल्वेनं रूळ स्वच्छ केले, हे मोठं काम झालं. पण घाण डब्याखाली साठवायला लागल्यावर हवेचा हिशोब नव्यानं मांडायला हवा होता, तो पाठीमागे राहिला. टाकीवर खर्च झाला, पंख्याच्या देखभालीवर लक्ष गेलं नाही, असं माझं मत आहे.

पुढच्या प्रवासात वातानुकूलित डब्याच्या संडासात गेलात तर दार लावून खालच्या झडपांपाशी कागदाची पातळ पट्टी धरा. ती आत ओढली गेली तर पंखा चालू आहे. लोंबती राहिली किंवा बाहेर गेली, तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर किंवा रेलमदतवर तक्रार करा, आणि तिच्यात ‘दुर्गंधी येते’ असं लिहू नका. त्यावर फिनेल येतं. ‘एक्झॉस्ट बंद आहे’ असं लिहा आणि डब्याचा नंबर द्या.