हौद्यातल्या मिरचीच्या बिया

सारंगखेड्याच्या यात्रेत जाणकार माणूस घोड्याच्या तोंडाशी जातो, वरचा ओठ अलगद उचलतो आणि दात बघतो. अडीच वर्षांच्या आसपास घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडायला लागतात, पुढे साधारण दर वर्षी एकेक जोडी बदलते आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यानंतर वय सांगते ती दातांची झीज. मालकाने काहीही वय सांगो, दात आपलं सांगतातच. तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या देवळाजवळ, दत्तजयंतीला भरणारा हा घोडेबाजार आमच्या शहादा तालुक्यातलाच. त्यामुळे जनावर वाचायची विद्या आम्हाला नवी नाही. पण लोखंडही तसंच वाचता येतं, हे मला म्हसावदला कळलं.

म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याला. शहाद्याहून तोरणमाळला जाणारी वाट इथूनच पुढे डोंगरात शिरते. माझ्या आतेभावाचं शेत तिथलं. त्याच्या बांधावर बाभळी आहेत आणि लग्नसराईत आचाऱ्यांना जळण पुरवायचं काम तो करतो. खान्देशातल्या लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी हवी, आणि हजार माणसांचं वरण शिजवायला लाकडाची आच हवी. इतकी वर्षं तो भाड्याच्या गाडीने लाकूड पोचवायचा. यंदा म्हणाला, “दादा, आता जुनी का होईना, आपली पिकअप घ्यायची.” गाडी बघायला त्याने गावातल्या मिस्त्रींना घेतलं, आणि मला बळेच.

गाडी दहा-बारा वर्षांची, सव्वा टन पासिंगची. नुकताच रंग मारलेला, टायर काळे करून चमकवलेले. मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलंही नाही. मागचा फाळका पाडला, हौद्यात चढले, उकिडवे बसले आणि खिशातल्या बारीक पेचकसाने पत्र्याच्या सांधीतला मळ उकरू लागले. तळहातावर आलेलं त्यांनी आम्हाला दाखवलं. धूळ, कडब्याचं एक पातं आणि सात-आठ चपट्या पिवळ्या बिया. वाळल्या मिरचीच्या.

“चांगलं आहे,” एवढंच म्हणाले.

मला ते समजायला वेळ लागला. नंदुरबार म्हणजे मिरचीचं गाव. हंगामात ओली लाल मिरची गाड्या भरभरून बाजारात येते आणि पथाऱ्यांवर लालभडक वाळत पडते. मिरची जागा खूप व्यापते आणि वजन कमी देते. हौदा काठोकाठ भरला तरी गाडीचा जीव जात नाही. हेच सांधीत वाळूचे कण निघाले असते तर गोष्ट वेगळी. वाळूचा एक घनमीटर दीड टनाच्या घरात जातो, त्यामुळे अर्धा हौदा वाळूसुद्धा सव्वा टनी गाडीला फार. आणि खताचा पांढरा थर निघाला असता तर आणखी वेगळी. पोटॅश हे क्लोराइडचं मीठच, ते ओलाव्यात विरघळून पत्रा आतून खातं. वरून रंग, खाली चाळणी. गाडीचं सारं पूर्वायुष्य त्या बोटभर सांधीत पडून होतं आणि रंग मारणाऱ्याला ते पुसायचं सुचलंच नव्हतं.

मग मिस्त्री खाली शिरले. मीही शिरलो. गाडीच्या पोटाखाली जाऊन तिची चॅसी मी तोवर कधी पाहिली नव्हती. दोन लांब पोलादी तुळया, मध्ये आडव्या पट्ट्या, सरळ शिडीच. बाकी सगळं तिच्यावर रचलेलं. मिस्त्री हातोडीने त्या तुळया पुढून मागे ठोकत गेले आणि कान देऊन ऐकत राहिले. रेल्वेतही पूर्वी चाकं अशीच ठोकून ऐकत. बाजारात माठ घेताना आपण दुसरं काय करतो? अखंड धातू स्वच्छ वाजतो. गंजून पापुद्रे धरलेले किंवा लांबी भरून वर रंग फासलेला असेल तिथे आवाज बद्द येतो. पूर्ण तुळई एका सुरात वाजली.

त्यानंतर आले कमानपाटे, आणि तिथे मी खरोखर खिळलो.

मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते. सगळ्यात लांब तो मेन पाटा, मग त्याहून आखूड, मग आणखी आखूड. बैलगाडीला अशी कमान नसते, म्हणून रस्त्याचा प्रत्येक दणका बैलाच्या मानेपर्यंत जातो. घोडागाड्यांसाठी अशा कमानींचं पेटंट लंडनच्या ओबाडाया इलियट याने १८०४ मध्ये घेतलं. दोनशे वर्षांत गाडीतलं जवळजवळ सगळं बदललं. ओझं वाहणाऱ्या गाडीखाली हे पाटे मात्र अजून आहेत. कारण सोपं आहे. पट्टी वाकते आणि दणका पोटात घेते. एवढंच असतं तर गाडी कितीतरी वेळ झुलत राहिली असती. पण वाकताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, आणि त्या घासण्यात झोक्याची ताकद उष्णता होऊन जिरते. झेलायचं काम आणि शांत करायचं काम एकाच वस्तूत.

हे पोलाद साधं नव्हे. पट्टी लालभडक तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा बेताने तापवतात. आपला लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’ ती हीच करामत. पाणी जास्त झालं तर पट्टी काचेसारखी तुटते, कमी झालं तर वाकून तशीच राहते. म्हणूनच मोडीत निघालेले पाटे लोहार शोधत असतात. आतेभावाची कुऱ्हाडसुद्धा एका जुन्या ट्रकच्या पाट्याची आहे. ज्या पट्टीने कधीकाळी ओझं तोललं, तीच आता बाभूळ तोडते. ही माहिती त्याने गाडीखाली आडवं पडून मला दिली, अगदी सहज.

मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे पाटे मोजले. सारखे भरले. एका बाजूला एखादा जास्त किंवा एखादाच कोरा दिसला असता, तर गाडीने कधीतरी अतिभार सोसून पाटा तोडला असं समजायचं. मधल्या बोल्टापाशी बारीक तडा शोधला, कमान अजून वर उचललेली आहे की सपाट पडली ते पाहिलं. डावी कमान उजवीपेक्षा जराशी बसली होती. “उजवी, ड्रायव्हरची बाजू आधी बसायला हवी ना?” मी विचारलं. “तसं नाही,” ते म्हणाले, “रस्ता कडेला उतरता असतो. भार कायम डावीकडे झुकतो.” आपल्या रस्त्यांचा उतार, वर्षानुवर्षं, पोलादात नोंदवला गेला होता.

इंजिनाची पाळी शेवटी आली. गाडी रात्रभर उभी होती, बॉनेट थंडगार होतं आणि मिस्त्रींना तेच हवं होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलला हवा भरताना पंप तळाशी गरम होतो ना, तेच तत्त्व. सिलिंडरमधली हवा अठराएक पट दाबली की पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि त्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या की दाब निसटतो, आणि थंडीच्या सकाळी हे लपवता येत नाही. दुसऱ्या किल्लीला इंजिन लागलं. मिस्त्रींनी चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला. हलकी फुंकर येत होती, धूर नव्हता. याला गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन’ बघणं म्हणतात. भकाभका धूर आला असता तर इंजिन उतरवण्याचा खर्च समोर उभा होता. ब्रेक मात्र एका बाजूला ओढत होते. ते किमतीतून वजा झाले, आणि व्हायलाच हवेत. सुमारे साडेअकराशे मीटर उंचीच्या तोरणमाळवरून अडीच टनांची भरली गाडी म्हसावदच्या सपाटीला आणायची, तर उतारात सुटणाऱ्या शक्तीने सत्तर लिटर पाणी उकळेल. ती सगळी आग ब्रेकने आणि खालच्या गिअरमधल्या इंजिनाने पचवायची असते.

कागदांत दोन गोष्टी मला नवीन होत्या. चॅसी नंबर सतरा अक्षरांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. बहुतेक कंपन्या दहाव्या जागी उत्पादनवर्षाचं अक्षर ठेवतात. ए म्हणजे २०१०, बी म्हणजे २०११, डी म्हणजे २०१३. हेच घोड्याचे दात! दुसरी गोष्ट, आरसीवरचा बोजा. आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याची नोंद झाली नसेल तर गाडी आपली होऊनही होत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून, विक्री झाल्यापासून ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताची जबाबदारी नोंदीवर ज्याचं नाव त्याचीच. तेव्हा विकणाऱ्यालाही यात गोडी असायला हवी.

आणि सातपुड्याच्या कुशीत लाकडाची गाडी घेताना वनखात्याचं काही बाकी आहे का, हे विचारायलाच हवं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातल्या कलम ५२ नुसार अवैध वनोपजासोबत वाहनही जप्त होतं. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी सगळी मोकळीक नसते. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, मोह, जांभूळ आहेत, त्यांना परवानगी लागते. ही बंधनं मला जाचक वाटत नाहीत. मोह आणि चिंच जळणात जाऊ नयेत असंच मला वाटतं.

गाडी घेतली. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण मला एक शंका छळत होती. हौदा साडेआठ बाय साडेपाच फुटांचा. लाकूड रचलं की फटी राहतात, म्हणजे भरीव लाकूड साधारण साठ टक्के. वाळल्या बाभळीचा भरीव घनमीटर आठशे किलोच्या आसपास. हिशेब केला तर अवघ्या दोन फूट उंचीला पावणेतेराशे किलो भरले. सव्वा टन तिथेच संपला! रिकामा दिसणारा अर्धा हौदा रिकामाच ठेवायचा. आणि ओली बाभूळ याहून जड, तिच्यात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं. ते पाणी भट्टीत उडवायलाही किलोमागे सहाशेच्या वर कॅलरी उष्णता जाते (आहारातल्या कॅलरीच्या मापाने), म्हणजे डिझेल जाळून पाणी आणायचं आणि लाकूड जाळून ते उडवायचं. आतेभावाला आकडे लागले नाहीत. त्याने दोन ओंडके एकमेकांवर आपटले. टोकांना चिरा गेलेले, वाळलेले, खणखणले. “हेच भरायचं,” म्हणाला.

पहिल्या खेपेला आम्ही वजनकाट्यावर गेलो. भरण्याआधी त्याने चॅसी आणि आस यांच्यामधलं अंतर बोटांनी मोजलं होतं. जितका भार तितका ताण, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये जाहीर केला. पाट्यांतल्या घासण्यामुळे तो इथे काटेकोर लागू होत नाही, पण कामापुरता होतो. काट्यावर बाराशे वीस किलो लाकूड दाखवलं तेव्हा अंतर चार बोटांनी कमी झालं होतं. आतेभावाने पांढऱ्या ऑइलपेंटने चॅसीवर तिथे एक रेघ ओढली.

संध्याकाळी आचाऱ्याच्या मांडवामागे गाडी रिकामी होत होती. मी मागच्या चाकाशी बसून बघत राहिलो. एकेक ओंडका उतरत होता आणि कमान, दिसेल न दिसेल अशी, किरकिरत वर येत होती.