धान्यही श्वास घेतं

सुगी संपली, खळं मोकळं झालं, ज्वारी आणि गहू पोत्यांत भरून घरात आले. आता आठ-पंधरा दिवसांनी आपल्यातली एखादी पोत्यात कोपरापर्यंत हात घालते आणि दचकते. वरचं धान्य गार, पण मधलं कोमट! तिथं चूल नाही, ऊन नाही, मग पोत्याच्या पोटात ही ऊब आली कुठून? आज आपण या उबेबद्दलच बोलणार आहोत. ती ओळखता आली तर वर्षाचं धान्य वाचतं. आणि ज्या गावात अजून पेवं आहेत, तिथं माणसाचा जीवही वाचतो.

आधी दाणा तयार कसा होतो ते बघू. पीक माती खाऊन वाढतं, असं आपल्याला वाटतं. ३००-४०० वर्षांपूर्वी युरोपातल्या व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसानं हे तपासून पाहिलं. त्यानं कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून घेतली आणि वाळुंजाचं दोन-सव्वादोन किलोंचं रोप लावलं. ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं ७५ किलोंच्या वर. मग त्यानं माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती कमी झाली होती फक्त ६० ग्रॅमच्या आसपास. त्याला वाटलं, झाड पाण्याचंच बनलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आलं होतं हवेतून.

पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जातो. हवेच्या १०,००० भागांत हा वायू जेमतेम ४ भाग असतो, पण पान तेवढाच वेचून घेतं. पाणी मुळं पुरवतात. पानातलं हरितद्रव्य ऊन पकडतं आणि त्या उन्हाच्या जोरावर पाणी आणि वायू यांची साखर होते. ऑक्सिजन उरतो, तो पान बाहेर सोडतं. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हीच साखर पुढं कणसात जाते आणि दाण्यात पीठ होऊन साठते. मातीतून येतात ती खतं. स्वयंपाकात मीठ लागतं, तशी ती थोडी पण हवीच. म्हणजे ज्वारीचा दाणा हे साठवलेलं ऊनच.

आता हे साठवलेलं ऊन वापरायचं कसं? सरपण जाळलं की लाकडात साठलेलं ऊन परत मिळतं, हे आपण रोज बघतो. शरीरातही तसंच घडतं, पण जाळाविना, अगदी सावकाश. आपण भाकरी खातो, तिची साखर होऊन ती रक्तातून शरीराच्या पेशीपेशीत जाते. श्वासातून आलेला ऑक्सिजन तिथं तिला भेटतो. साखर मोडते, तिच्यातली ऊर्जा मोकळी होते. त्या ऊर्जेवर आपण खुरपतो, पाणी भरतो, लेकरू उचलतो. मागं उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. तो वायू आपण उच्छ्वासातून सोडतो. काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून अंग गरम असतं. हे झालं श्वसन. पानानं जे बांधलं, तेच श्वसनानं सोडलं.

आणि हे फक्त माणसा-जनावरांत होतं असं नाही. झाडाचं पान, मूळ, खोड सगळेच श्वास घेतात, दिवसाही आणि रात्रीही. दिवसा उन्हात पानं खर्चतात त्याहून जास्त कमावतात, म्हणून पीक वाढतं. रात्री कमाई बंद, खर्च चालूच.

पोत्यातला दाणाही जिवंत आहे. जिवंत आहे म्हणूनच तो पेरला की उगवतो. कोरडा दाणा जवळजवळ झोपलेला असतो, त्याचा श्वास अगदी मंद चालतो. पण तो ओलसर राहिला की जागा होतो आणि जोरात श्वास घ्यायला लागतो. सोबतीला बुरशी आणि सोंडेकिडे येतात, तेही श्वास घेतात. सगळे मिळून दाण्यातलं पीठ खर्चतात आणि ऊब तयार होते. ही ऊब पोत्याच्या मध्यातून बाहेर पडत नाही.

खरी मेख पुढं आहे. १ किलो साखर श्वसनात पूर्ण मोडली की सुमारे ६०० ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे ओल्या धान्यात आणखी ओल तयार होते. ओलीनं श्वसन वाढतं, श्वसनानं ऊब वाढते, आणि पुन्हा ओल. मग धान्याला कुबट वास येतो, गठ्ठे होतात, वजन घटतं. बियाण्याचं तर जास्तच नुकसान होतं, कारण कोंबासाठी ठेवलेली शिदोरी आधीच संपून जाते.

म्हणून धान्य भरायच्या आधी दाताखाली दाणा धरून बघा. कट्‌कन तुटला तर वाळला, चेपला तर अजून ऊन द्या. धान्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा. उन्हातून काढलेलं धान्य गरम असताना भरू नका, सावलीत निवू द्या. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला. आणि दर पंधरवड्याला पोत्याच्या मध्यात हात घाला. ऊब लागली तर त्याच दिवशी धान्य पसरा.

आता पेवाचं बघू. सोलापूरकडं आणि मराठवाड्यात ज्वारी पेवात ठेवायचे, सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. पेवाचं तोंड बंद करून लिंपून टाकलं की आत उरलेला ऑक्सिजन धान्य आणि किडे मिळून संपवतात. ऑक्सिजन संपला की किडे मरतात, बुरशी थबकते, आणि कोरडं धान्य वर्षानुवर्षं टिकतं. आजच्या हवाबंद पिशव्यांचं गमकही तेच.

पण जी हवा किडा मारते, ती माणसालाही सोडत नाही. पेवात ऑक्सिजन नसतो आणि कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो साध्या हवेपेक्षा जवळजवळ दीडपट जड, म्हणून तळाशी बसून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. उतरलेला माणूस ओरडायच्या आत कोसळतो. मग त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याच्यामागं आणखी कुणी. एका घरातली दोन-तीन माणसं अशी जातात.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा. पेव उघडलं की निदान एक दिवस तोंड मोकळं ठेवा आणि पंख्यानं वरची हवा तळापर्यंत सोडा. मग दोराला कंदील बांधून खाली सोडा. कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही. पण तो जळत राहिला म्हणजे धोका टळला, असं समजू नका. कंदील विझायच्या आधीच हवा माणसाला घेरी आणण्याइतकी बिघडलेली असते. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधा, दोराचं टोक वर दोघा-तिघांच्या हातात ठेवा आणि त्याच्याशी सारखं बोलत राहा. उत्तर थांबलं की ओढून घ्या. दोर नसताना कुणी पडलाच, तर मागं उडी टाकू नका. ११२ किंवा १०१ ला फोन करा आणि खाली हवा सोडत राहा.

जुनी विहीर, शौचालयाची टाकी, गोबरगॅसची टाकी इथंही हाच धोका आहे. मात्र टाकीजवळ कंदील, काडी काहीही न्यायचं नाही, कारण तिथला वायू पेट घेतो. अशा टाकीत उतरणं हे घरच्या माणसाचं कामच नाही.

या आठवड्यात गटाच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं घरच्या पोत्यात हात घालून यावं आणि काय जाणवलं ते सांगावं. गावात पेव किंवा पडीक विहीर कुठं कुठं आहे, त्याची यादी करावी. आणि हे दोराचं, हवेचं सगळं घरातल्या पुरुषांना आणि पोरांना आजच सांगावं, कारण उतरायला बहुतेक वेळा तेच पुढं होतात.

येतो आम्ही. पुन्हा भेटू. नमस्कार.