शिवण नसलेला स्वेटर

स्वेटर विणणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं? टाके घालणं नाही, बॉर्डर नाही, अगदी गळासुद्धा नाही. पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या असे तुकडे विणून झाल्यावर ते जोडत बसणं! कितीतरी घरांत असे तुकडे पिशवीत पडून असतात. ज्या बाळासाठी लोकर आणली ते बाळ शाळेत जायला लागतं, तरी स्वेटर काही त्याच्या अंगावर चढत नाही.

या जोडकामाला कायमची सुट्टी द्यायची असं एका बाईने मनावर घेतलं होतं. तिचं नाव एलिझाबेथ झिमरमन. जन्म १९१० चा, इंग्लंडमधला. आई-मावशांकडून ती इंग्रजी पद्धतीने विणायला शिकली, म्हणजे लोकर उजव्या हातात धरून. घरात मुलांना सांभाळायला स्विस बाई होती, तिने लोकर डाव्या हातात धरायची युरोपातली पद्धत दाखवली. ही दुसरी पद्धत झटपट होते, हाताची हालचाल कमी लागते. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत ती ‘जर्मन’ म्हणून नकोशी झाली. लोकर कुठल्या हातात धरावी यावरही राजकारण होतं म्हणजे बघा!

पुढे एलिझाबेथबाई चित्रकला शिकायला स्वित्झर्लंडला आणि मग जर्मनीत म्युनिकला गेल्या. तिथे आर्नोल्ड झिमरमन भेटले. हिटलरबद्दल वावगं बोलल्यामुळे आर्नोल्डना देश सोडावा लागला. १९३७ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि ते अमेरिकेला गेले. शेवटी विस्कॉन्सिन राज्यातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी संसार थाटला. नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसूनसुद्धा बाईंच्या सुया चालू असत. आपल्याकडे स्कूटरवर मागे बसून एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने भाजीची पिशवी सांभाळणाऱ्यांनी याची कल्पना करून पाहावी!

बाईंचा जीव रमला तो जुन्या, कोळ्या-शेतकऱ्यांच्या घरातल्या विणकामात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या फेअर आइल या चिमुकल्या बेटाच्या नावाने रंगीत नक्षीचे स्वेटर जगभर ओळखले जातात. नक्षी दिसते बहुरंगी, पण एका ओळीत रंग दोनच असतात; जो रंग नको तो मागून सोडत न्यायचा. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने असा स्वेटर घातला आणि त्याची फॅशनच आली. त्या आधीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. शेटलंडच्या बायका इंधनाच्या मातीच्या टोपल्या पाठीवर वाहत, कमरेच्या पट्ट्यात सुई रोवून चालता-चालता विणत. आणि व्यापारी त्यांना पैसे देत नसत, चहा आणि कापड असा माल देत. घरात रोख पैसा येत नसे. या प्रकाराची सरकारी चौकशी १८७२ मध्ये झाली. सावकाराच्या वहीत नाव असलेल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या बायका स्वेटर तुकड्यांत विणत नसत. सगळं गोल. सुलट बाजू कायम आपल्यासमोर, म्हणजे नक्षी डोळ्यांपुढे दिसते आणि उलट टाका घालावाच लागत नाही. एलिझाबेथबाईंनी यात आपली दोन हातांची विद्या वापरली. एक रंग डाव्या हातात, दुसरा उजव्या. लोकरीचा गुंता होत नाही आणि वेगही येतो. लहानपणी दोन घरच्या पद्धती शिकल्या होत्या, त्या इथे कामी आल्या.

१९५० च्या दशकात त्यांनी फेअर आइल पद्धतीच्या एका स्वेटरची कृती एका लोकर कंपनीकडे पाठवली. स्वेटर गोल विणलेला, बिनशिवणीचा. कंपनीने कृती छापली खरी, पण बदलून. तुकडे करून, सरळ सुयांवर, शेवटी जोडायचे! बायकांना गोल विणणं जमणार नाही असं परस्पर ठरवून टाकलं. जी गोष्ट शेटलंडच्या अशिक्षित बायका डोक्यावर वारा घेत चालताना करत होत्या, ती शहरी शिकलेल्या बायकांना झेपणार नाही म्हणे. बाई संतापल्या. त्यांनी कृती जशी होती तशी स्वतः छापून, पत्रिकेसारखी, घरूनच विकायला सुरुवात केली. १९५९ मध्ये त्याची प्रकाशनसंस्था झाली. राहत्या शाळेवरूनच तिचं नाव पडलं, ‘स्कूलहाउस प्रेस’. पुढे दूरचित्रवाणीवर धडे झाले, १९७१ मध्ये ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक आलं आणि १९७४ पासून विणकामाची शिबिरं सुरू झाली. मुलगी मेग स्वान्सन हिने ती पुढे चालवली. बाई १९९९ मध्ये गेल्या, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी.

परंपरेबद्दल त्यांना प्रेम होतं, पण तिची पूजा त्या करत नसत. विणकामात नवीन काही शोधलं असं त्या म्हणत नसत. जगात कुठल्या तरी आजीने ते आधी केलंच असणार, आपल्याला फक्त पुन्हा सापडलं, असं त्यांचं म्हणणं. मला हा नम्रपणा खूप खरा वाटतो. परंपरेच्या नावाखाली थापाही बऱ्याच खपतात ना! आयर्लंडच्या अरान बेटांवरच्या वेण्या-वेण्यांच्या स्वेटरबद्दल हमखास सांगतात, की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, म्हणजे बुडालेला कोळी त्यावरून ओळखता यावा. मुळात जॉन सिंज यांच्या १९०४ च्या एका नाटकात बुडालेल्या माणसाची ओळख पटते ती त्याच्या मोज्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून. स्वेटरचा त्यात संबंधच नाही. पण दुकानात गोष्टीसकट वस्तू महाग जाते.

आता मुद्द्याचं. बाई शिकवायच्या काय? ‘इथे १२ टाके घाला, तिथे ६ कमी करा’ असं शिकवत नसत. त्या टक्केवारी शिकवत. एकदा ती कळली, की कुठल्याही पुस्तकाची गरज नाही.

आधी तुमच्या लोकरीचा, तुमच्या सुईचा चांगला हातभर रुंद नमुना विणा आणि एका इंचात किती टाके बसतात ते मोजा. यात आळस करू नका. समजा ५ टाके बसले आणि स्वेटरचा घेर ३६ इंच हवा आहे, तर ५ गुणिले ३६ म्हणजे १८० टाके. हे झाले शंभर टक्के. नमुना न विणता हात सैल पडला आणि इंचाला साडेचारच टाके बसले, तर तेच १८० टाके ४० इंच भरतील! अर्ध्या टाक्याची किंमत ४ इंच.

१८० टाके गोल सुईवर घालून काखेपर्यंत सरळ विणत जा. खालची बॉर्डर घट्ट आवडत असेल तर तेवढी १० टक्के कमी टाक्यांवर करा. बाही मनगटाकडून सुरू करायची, २० टक्क्यांवर, म्हणजे ३६ टाके. दर पाच-सहा ओळींनी दोन-दोन वाढवत ३३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६० टाक्यांपर्यंत न्यायची आणि लांबी पुरी करायची. काखेसाठी ८ टक्के, म्हणजे साधारण १४ टाके. अंगाच्या दोन्ही बाजूंचे आणि दोन्ही बाह्यांचे १४-१४ टाके वेगळ्या दोऱ्यावर काढून ठेवा. उरलेले सगळे एकाच सुईवर घ्या: अंगाचे १५२, बाह्यांचे ४६ आणि ४६. एकूण २४४.

इथून वर खांद्याचा गोल. त्याची उंची अंगाच्या रुंदीच्या निम्मी, म्हणजे ९ इंच. आणि घट करायची फक्त तीनदा! निम्म्या उंचीवर दोन टाके सुलट, दोन एकत्र, असं पूर्ण फेरीभर. २४४ चे १८३ होतात. पाऊण उंचीवर एक सुलट, दोन एकत्र, १२२ उरतात. शेवटी एक सुलट, दोन एकत्र, पुन्हा दोन एकत्र, ७३-७४ राहतात. गळा ४० टक्के म्हणजे ७२ हवा होता. एक-दोन टाके बॉर्डरच्या पहिल्या ओळीत जिरवा. दोन घटींच्या मधल्या मोकळ्या जागेत रंगीत नक्षीचे पट्टे बसतात. काखेतले राखून ठेवलेले टाके शेवटी सुई-दोऱ्याने एकमेकांत गुंफायचे. जोडकाम म्हणाल तर तेवढंच.

बटणांचा स्वेटर हवा असेल तरी त्या गोलच विणायला सांगत. मग पुढच्या मध्यावर दोन्ही बाजूंना मशीनची बारीक टीप मारायची आणि कात्रीने सरळ कापायचं. हो, कापायचं! शेटलंडच्या बायकाही विणून झाल्यावर कापत. तिथली लोकर खरबरीत, धागे एकमेकांना चिकटून राहतात. आपल्याकडे मिळणारी अॅक्रिलिकची गुळगुळीत लोकर मात्र लगेच सुटते. तिच्यावर टीप दोनदा मारा आणि आधी छोट्या नमुन्यावर कात्री चालवून बघा.

पहिल्यांदाच करणार असाल तर लहान मुलाचा स्वेटर घ्या. घेर २४ इंच, इंचाला ५ टाके, म्हणजे १२०. मनगट २४, दंड ४०, काख १०, गळा ४८. मुलांचं डोकं मोठं असतं, तेव्हा गळ्याचे टाके बंद करताना हात सैल ठेवा. एका सुईवर आल्यावर १६० टाके दिसले तर तुमचा हिशेब बरोबर आहे; पुढे १६० चे १२०, १२० चे ८० आणि ८० चे ४८.